थंडी खाल्लेली रोपं

कवडूजीले मी पहिल्यांदा पाहिलं तवा ते बोरीत तोंड घालून लाकडाचा भुसा हुंगून राहिले होते. माझा नवरा लकडगंजात आरा मशीनवर होता. तिथून तो भुशाच्या बोऱ्या सायकलवर लादून प्रताप नगरच्या पलीकडं एका नर्सरीत नेऊन देये. तवा तिकडं सारे वावरंच होते, घरं मोजकी. त्या दिवशी मी बी संगं गेली होती. मले पाचवा महिना चालू होता, उन्हाळा होता, अन् घरी एकटं बसलं की मले उगाच भेव वाटे म्हनून गेली. तं गेटापाशी हा बुढा, अंगात नुसती बनियान, गुडघ्यापर्यंत धोतर, अन् मान पुरी बोरीत. बाहेर निघाले तं मिशीले भुसा, भिवयांले भुसा, नाकाच्या शेंड्यावर भुसा, अन् तोंडावर हसू नाही की राग नाही.

म्हने, "सागाचा आहे. परत ने."

नवरा म्हने, काकाजी, भुसा तं भुसा असते, त्यात काय साग अन् काय आंबा. त्याईनं समजावलं बिमजावलं काही नाही. सागाच्या भुशात बी मरते, आंब्याचा आन नाही तं सालईचा आन, एवढं बोलले अन् बोरीचं तोंड सुतळीनं बांधून देल्लं. मंग माझ्याकडं वळले अन् इचारलं, "तुले लिहता येते का वं?"

मी चौथी शिकलेली. अक्षर बरं आहे पन एक ओळ लिहायले मले अर्धा घंटा लागते. भेत भेत म्हतलं, येते, पन हळू.

"हळूच पाहिजे. घाईनं लिहनारे दोन आले अन् गेले."

असं माझं काम लागलं. टिनाच्या पट्टीवर खिळ्यानं कोरायचं अन् ती पट्टी कुंडीत खोचायची, कोनतं झाड, बी कुठचं, कवा पेरलं. त्याईले स्वतःले वाचता येत नव्हतं. मी कोरलं की म्हनत, वाच. मी वाचे. म्हनत, पुन्हा वाच. दोनदा ऐकलं की ती पट्टी त्याईच्या डोक्यात बसे, मंग सहा महिन्यानं बी ती कुंडी उचलून ते बरोब्बर सांगत तीवर काय लिहलं आहे, अन् माझी एखादी वेलांटी चुकली तं ती त्याईले दिसत नसे, पन मी वाचतानी अडखळली की ते लगेच म्हनत, खोटं वाटून राहिलं, नीट पाह्य.

कवडू हे नाव कसं पडलं ते त्याईनंच एकदा सांगतलं, भाकर खातानी, काही मोठं नाही असं. त्याईच्या आधीचे चार लेकरं गेलेले. पाचव्या खेपी मायनं यायले जन्मल्या जन्मल्या शेजारनीले एका कवडीत विकलं अन् संध्याकाळी परत घेतलं, म्हंजे कोनाची नजर पडू नाही, कवडीच्या मालाले कोन नेते. आमच्याकडं असं करतात. मी पोटावर हात ठेवून ऐकून राहिली होती. ते म्हने, म्हनून मले थंडी वाजत नाही, थंडीले बी माहीत आहे हा फालतू माल आहे. अन् खरंच, पौषातल्या सकाळी सारे माळी शेकोटीपाशी उकिडवे बसत अन् हे बनियानवर फिरत.

एक गोष्ट त्याईची मालकाले बिलकुल पटत नव्हती. दुसरे माळी मेलेलं रोप गुपचूप उपटून फेकत. कवडूजी फेकत नव्हते. मेलेलं रोप कुंडीसकट गेटापाशी ओट्यावर मांडून ठेवत, वाळलेलं, काळं, जसं असन तसं, त्याच्या पट्टीसकट. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याले मेलेले दिसत, मंग जिते. मालक तरणा होता, बापाच्या मागं नुकताच गादीवर बसला होता. तो डोक्याले हात लावे. म्हने, कवडूजी, लोकं दुकानात पेढे समोर ठेवतात, तुमी मुर्दे ठेवता. कवडूजी म्हनत, घेनाऱ्याले समजू द्या ना आपल्या हातानं काय मरते ते.

त्या ओट्यावर अगदी मधात एक कुंडी होती. मी नोकरीले लागली तवा तिच्यावर पट्टी नव्हती. पहिल्याच दिवशी त्याईनं माझ्याकडून कोरून घेतली. रानी. नागपूरचं बी. चिखलदऱ्याले मेली.

झालं असं होतं की रामदासपेठेतल्या एका डॉक्टरचा चिखलदऱ्याले बंगला होता. गेटापासून बंगल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूनं त्याले एक ताडासारखं झाड पाहिजे होतं, साहेब लोकं त्याले क्वीन पाम म्हनत, कवडूजी नुसतं रानी म्हनत. खोड नारळासारखं सरळ, पन पानं मऊ, पिसासारखे. कवडूजीनं इथल्याच एका बागेतल्या झाडाचं बी घेऊन रोपं केले, चांगले कमरेएवढे झाले, वरतं पहाडावर गेले. अन् तिथी पौषात गवतावरचं दव गोठते, पांढरं होते, तसं झालं अन् सारे गेले. डॉक्टर रागावला नाही. गाडीच्या डिक्कीत एक मेलेली कुंडी घेऊन आला अन् कवडूजीच्या समोर ठेवली, बस. त्याईले ते रागावन्याहून लागलं. ते म्हनत, झाडाचा दोष नाही, डॉक्टरचा नाही, उन्हातल्या मायचं लेकरू मी थंडीत धाडलं.

म्हनून मी लागली त्याच वैशाखात ते स्वतः चिखलदऱ्याले गेले. तिथी कोन्या इंग्रजाच्या जुन्या बंगल्यात कधीच्या काळी सात रान्या लावलेल्या होत्या. एका वर्साच्या थंडीत चार मेल्या, तीन राहिल्या, असं तिथल्या चौकीदारानं सांगतलं. यायले तेवढंच पाहिजे होतं. त्या तीनच झाडाचं बी आनायचं. फळं नारंगी, बोराएवढे, घोसच्या घोस, अन् त्यावर वानेरं बसलेले. चौकीदार गोटे मारून हाकलायले लागला तं यायनं त्याचा हात धरला, खाऊ दे म्हने. वानेरं गर चोखत अन् बी थुंकत, अन् हे दोन दिवस खाली बसून थुंकलेलं बी गोळा करत. परत आल्यावर मले सांगतलं, चार दिवस भिजवून, रेतीत घासून जो गर काढाव लागते तो वानेरायनं फुकटात काढून देल्ला, आपल्या मालकाले सांग असे मजूर ठेव म्हना. बी वाळलं की गेलं, म्हनून ओल्या फडक्यात बांधून बनियानच्या आत पोटाले बांधलं अन् परतवाड्यावरून बसमध्ये बसले. कंडक्टरनं इचारलं, बाबा, पोटाले काय बांधलं. हे म्हने, लेकरं.

खाली शेन-कचऱ्याचा ढीग, तो आतून तापते, त्यावर कन्हानची रेती अन् आंब्याचा भुसा, त्यात ते बी गेलं. रोज सकाळी कवडूजी कोपरापर्यंत हात त्यात खुपसत अन् मंग तो हात आपल्या गालाले लावून पाहत, किती गरम आहे. जेठ गेला, आखाड गेला, काही नाही. मालक रोज येता जाता टोमना मारे, "काय कवडूजी, गोटे पेरले का?" हे म्हनत, "गोटेच आहेत. वेळ लागते." अन् मी तिकडं घरी जाऊन नवऱ्याले म्हने, नाही उगवलं तं काकाजीचं काय होईन, अन् माझं काय होईन. मले तवा साऱ्याचंच भेव वाटे, बीचं, पोटातल्याचं, मालकाच्या चपलेच्या आवाजाचं.

भादव्यात माझी बेबी झाली, त्याच आठोड्यात रानी उगवली. कवडूजी बेबीले पाहायले आले नाहीत. नवऱ्याच्या हाती निरोप धाडला, निघाली आहे, पट्ट्या लिहायच्या आहेत, कवा येतं. दीड महिन्यानं मी टोपल्यात बेबीले घेऊन गेली तं ते वाकून लय वेळ पाहत राहिले, जसं रोप पाहतात तसं, अन् म्हने, पोंगा ताजा आहे. पोंगा म्हंजे झाडाच्या मधातलं कोवळं, अजून न उघडलेलं पान. रानीचा सारा जीव त्या पोंग्यात असते. बाहेरचे पानं वाळले तरी चालते, पन पोंगा दोन बोटात धरून हलकाच ओढला अन् तो हातात आला तं झाड मेलं, मंग ते वरून किती बी हिरवं दिसो. त्याईनं ते मले शिकवलं. किती जोर लावायचा ते शिकवायले आधी माझं करंगळीचं बोट धरून ओढून दाखवलं.

पहिला हिवाळा त्याईनं त्या रोपांले छपराखाली ठेवलं. म्हने, पहिल्या हिवाळ्यात दूध पेतात, दुसऱ्यात पाह्यचं. कारन बी थंडीतल्या झाडाचं असलं म्हनून सारे रोपं तसे निघत नाहीत, काही कच्चे निघतात, अन् ते कच्चे डॉक्टरच्या बंगल्यावर जाऊन मरन्यापेक्षा इथीच मरायले पाहिजे. दुसऱ्या हिवाळ्यात एकशेचार कुंड्या त्याईनं नाल्याच्या काठी खोलगट जागेत नेऊन ठेवल्या. तिथी थंडी येऊन साचते. ना छप्पर, ना झाड. डॉक्टरले चाळीस पाहिजे होत्या. मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं, कवडूजी, या बारीनं बी वरतं मेल्या तं तुमचं बीचं काम बंद, मंग गुलाबाले पानी घाला. कवडूजी हो म्हनले होते. त्याईनं डॉक्टरले शब्द देल्ला होता की थंडी सोसलेलंच रोप देईन, दुसरं देनार नाही.

अन् पौषात ती थंडीची लाट आली. नेमकं त्याच वक्ताले काटोलले त्याईच्या बहिणीकडं तेरवी निघाली, जावंच लागलं. जातानी मले नाल्यापाशी नेलं अन् म्हने, मी नसतानी काहीच करू नको. पानी नको, हात नको, झाकनं नको. मरतीन तं मरू दे. मी मान हलवली.

आता मी काय सांगू. बेबी सव्वा वर्साची होती. त्याच्या चार दिवस आधी तिची छाती भरली होती, फासळ्या भात्यासारख्या खालीवर होत, ओठ निळे पडले, दवाखान्यात नेलं, सुया झाल्या, कशीतरी वाचली अन् घरी आली. तिले माझ्या मायपाशी ठेवून मी कामावर जाऊन राहिली होती. दवाखान्यात बाईनं सांगतलं होतं, थंडी लागू देशीन तं पुन्हा आनू नको. हेच दिवसभर माझ्या कानात. संध्याकाळी दिवस बुडतानी घरी निघाली तं नाल्यावरून वारं असं येऊन राहिलं होतं की दात वाजत, अन् त्या एकशेचार कुंड्यातले ते बारके बारके पानं थरथर, थरथर. मले त्या कुंड्या कुंड्या दिसल्याच नाहीत. मी बोऱ्या आनल्या, बांबूच्या तट्ट्या आनल्या, वरून धानाचं तनीस घातलं, साऱ्या झाकल्या, लहान पोरांले पांघरून देतात तसं कडा दाबून दाबून. अन् सकाळी कोनी यायच्या आत येऊन सारं काढलं अन् तनसाची काडी काडी येचली. तीन दिवस असं केलं. पहिल्या दिवशी दया आली म्हनून केलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं भेव होतं म्हनून केलं. तिसऱ्या दिवशी हात आपोआपच चालले.

चौथ्या दिवशी कवडूजी आले. काटोलपासून रस्त्यानं त्याईनं तूर जळलेली पाहिली, पपया काळ्या होऊन लोंबलेल्या पाहिल्या. हातातली थैली न ठेवता ते सरळ नाल्यावर गेले. मी दुरून पाहून राहिली होती. एक एक कुंडी, एक एक पोंगा, दोन बोटात धरून, हलकाच. एकशेचार. एकही हातात नाही आला. ते तिथीच मातीवर बसले. अन् मंग हसले. मी त्याईले हसतानी कधी पाहिलंच नव्हतं, पुढचा एक दात नाही हे मले त्या दिवशी समजलं. साऱ्या माळ्यांले गूळ वाटला. मालकाले जाऊन सांगतलं, असं बी मी जिंदगीत पाहिलं नाही. मालकानं लगेच डॉक्टरले निरोप धाडला, येत्या रविवारी या, तुमच्या चाळीस निवडून ठेवल्या. मले बी गूळ देल्ला. तो मी पदराच्या गाठीत बांधला.

दोन दिवस ते गुनगुनत होते. माळी एकमेकांले कोपरानं ढोसत, बुढ्याले काय झालं म्हनत. मी घरी जाऊन नवऱ्याले सांगतलं तं तो म्हने, चुप राह्य, कोनाले समजते, अन् मेल्याच तं वरतं मेल्या, तवाचं तवा पाहू. मले वाटे बरोबर आहे. अन् डोळे मिटले की मले तो डॉक्टर डिक्की उघडतानी दिसे.

तिसऱ्या दिवशी कवडूजीनं चाळीस पट्ट्या कापून माझ्यापुढं ठेवल्या. म्हने, एकच लिहायचं. थंडी खाल्ली. एवढंच. चाळीस बार.

मी बसली. बेबी बाजूले टोपल्यात खेळून राहिली होती. एक लिहली. ते म्हने, वाच. मी वाचलं, थंडी खाल्ली. पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. असं एक एक पट्टी, दोन दोनदा वाचायची, अन् ते हातानं कुंडीत खोचत. सात झाल्या. आठवीवर "थं" कोरला अन् माझा हात पुढं जाईच ना.

"काय झालं वं? हात दुखते?"

मी खाली पाहूनच बोलली. "काकाजी, यायनं थंडी नाही खाल्ली. मी झाकल्या होत्या."

मी वर पाहिलं तं ते माझ्याकडं नाही, कुंड्यांकडं पाहून राहिले होते. मले वाटलं आता मारतात. त्याईनं काहून झाकल्या हे इचारलंच नाही. इचारलं, किती दिवस. म्हतलं, तीन. साऱ्या? साऱ्या. कशानं? बोऱ्यायनं अन् तट्ट्यायनं, वरून तनीस. सकाळी कवा काढलं? दवाखान्यातला डॉक्टर बेबीचं इचारत होता तसं, एकामागून एक, शांत. मंग त्याईनं त्या साती पट्ट्या काढल्या, कनवटीले खोचल्या अन् मले म्हने, उठ, चाल.

मले वाटलं हे मले वाचवतीन, माझं नाव नाही घेनार. त्याईनं मालकापुढं उभं राहून पहिलं वाक्यच तेच म्हतलं, हिनं झाकल्या होत्या, थंडी लागलीच नाही. त्या घडीले मले त्याईचा असा राग आला की काय सांगू, अन् बेबी माझ्या काखेत. मालक उठून उभा राहिला. म्हने, हिले आत्ताच्या आत्ता काढा. कवडूजी म्हने, "हिले काढलं तं पुढच्या बारीले सांगन कोन? मले तं समजलं नव्हतं."

मालक बसला. मंग आवाज बदलला त्यानं, समजुतीचा काढला. म्हने, झालं ते झालं, रोपं हिरवेगार आहेत, डॉक्टर रविवारी येते, देऊन टाकू, जगले तं त्याचं नशीब. इथी कोनाले माहीत आहे?

"मले माहीत आहे," कवडूजी म्हने.

"तं काय आता थंडी विकत आनता? माघ लागला. गेली थंडी."

अन् मी काहून बोलली मले आजही समजत नाही, मी म्हतलं, बेबीच्या बाबाच्या मशीनचा भुसा बर्फाच्या कारखान्यात बी जाते. लाद्यांवर टाकायले. तिथला माणूस ओळखीचा आहे.

कवडूजीनं मले पाहिलं. तेवढं एकच बार त्या दिवशी.

रविवारी डॉक्टर आला तवा नर्सरीत रानी नव्हतीच. एकशेचार कुंड्या बैलबंडीतून, तीन खेपा करून, लकडगंजात बर्फाच्या कोठीत गेल्या होत्या, लाद्यांच्या मधात, दोन दिवस दोन राती. बर्फवाला माझ्या नवऱ्याले म्हने, हा बुढा पागल आहे का, झाडाची कुल्फी करते का. कवडूजी कोठीच्या दाराशी बाहेर बसून राहिले, बनियानवर, अन् पहिल्यांदा मी त्याईले कापतानी पाहिलं. बाहेर काढल्या तं उन्हात नाही ठेवू देल्ल्या, सावलीत, हळूहळू. अन् मंग थांबायचं. थंडीनं मारलेलं लगेच दिसत नाही, आतून सडते. बारा दिवस. त्या बारा दिवसात ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी रोज झाडू मारतानी तिकडं न पाहता जाये.

तेराव्या दिवशी मले बोलावलं. म्हने, तू ओढ. मी नाही म्हतलं. म्हने, माझे बोटं आता खोटं बोलतीन, मले जगायले पाहिजे आहेत, तू ओढ. मी एक एक पोंगा धरला. पहिला हातात आला, ओला, खाली तपकिरी, वास मारत. दुसरा आला. तिसरा नाही आला. माझ्या डोळ्यातून पानी चालू अन् ते बाजूले उभे राहून नुसतं म्हनत, जोर लावू नको, हलका, हं, पुढं. त्र्याहत्तर आले. एकतीस राहिल्या.

त्या त्र्याहत्तर कुंड्या त्याईनं दुपारपर्यंत गेटापाशी मांडल्या. ओटा पुरला नाही, खाली रस्त्यापर्यंत रांग गेली. त्यातल्या पन्नास-साठ तं वरून अजून हिरव्याच होत्या, इकून टाकता आल्या असत्या, मालकाचा तोच राग होता. त्यानं ते पाहिलं अन् ओरडला बी नाही, फक्त म्हने, कवडूजी, बस झालं, आजपासून बीले हात लावू नका.

डॉक्टर पुन्हा आला तवा ती सारी रांग पाहतच आत आला. कवडूजीनं त्याले पहिल्यापासून सांगतलं, माझं झाकनं बी, बेबीचं दुखनं बी, बर्फ बी. डॉक्टर माझ्याकडं पाहून म्हने, लेकराची छाती आता कशी आहे. मले रडूच आलं. मंग त्यानं इचारलं, या एकतीस तं नक्की ना कवडूजी?

"अर्ध्या नक्की," ते म्हने. "बर्फाची थंडी एका जागी बसलेली असते, तुमच्याकडची वाऱ्यानं फिरते. ते मी इथी बसून सांगू शकत नाही. मी संगं येतो. एक हिवाळा पाहतो, मंग सांगतो."

डॉक्टर हो म्हनला. अन् कवडूजी जायले निघाले, साठी उलटून गेल्यावर, ज्याईचं सारं या नर्सरीत. माझ्या तीन दिवसाच्या बोऱ्यायनं झालं ते. मी त्याईच्या पाया पडायले गेली तं पाय मागं घेतले. म्हने, झाकलं तं झाकलं, पन मी आलो त्याच दिवशी सांगतलं असतं तं थंडीचे दोन दिवस अजून शिल्लक होते. बस, एवढंच म्हने. दुसरं काही नाही. माफ केलं असं बी नाही.

पुढचं मले डॉक्टरच्या ड्रायव्हरकडून समजलं, तो कुंड्या न्यायले येते. पुढच्या हिवाळ्यात वरतं तीन दिवस गवत पांढरं झालं. एकतीसातल्या चार गेल्या, सत्तावीस उभ्या आहेत. कवडूजी तिथीच राहिले. त्या चार मेलेल्या त्याईनं बंगल्याच्या गेटापाशी मांडून ठेवल्या अन् डॉक्टरच्या बायकोनं दोनदा हटवायले लावल्या तरी हटवल्या नाहीत.

मी मात्र त्याईले पाहिलं ते शेवटचं होळीच्या आधी, ट्रक भरला त्या सकाळी. एकतीस कुंड्या मागं एकाले एक लावून ठेवल्या, मधात तनीस ठासलं, अन् कवडूजी ड्रायव्हरच्या बाजूले नाही बसले, मागं कुंड्यांतच बसले, पाय पसरून, दोन्ही बगलेत एक एक कुंडी धरून. मी बेबीले काखेत घेऊन गेटाच्या बाहेर उभी. ट्रक सुरू झाला. ते माझ्याकडं पाहून नव्हते राहिले, पानं कसे हलतात ते पाहून राहिले होते. रस्त्यात खड्डा होता, तिथी गेल्यावर त्याईनं हात वर केला. मले वाटलं मले केला. मी बेबीचा हात धरून वर केला, मंग माझा बी केला, जोरजोरात हलवला. तं ट्रक हळू झाला, खड्ड्यातून जपून निघाला, अन् कवडूजीनं टपावर दोन थापा मारल्या, चाल म्हनून.